कपाटातल्या पाच बाटल्या

"ताई, माझं वय ४७. दीड वर्षापासून पाळीचा भरवसा राहिलेला नाही. कधी वीस दिवसांत येते, कधी अडीच महिने पत्ता नसतो. रात्री तीनच्या सुमारास घामाने जाग येते, उशीची खोळसुद्धा ओली झालेली असते. खाणं तेवढंच, तरी पोट सुटलंय. केस गळतात, कशावरूनही रडू येतं. मैत्रिणीच्या सांगण्यावरून पाच सप्लिमेंट्स सुरू केली: ब्लॅक कोहोश ही वनौषधी, इव्हिनिंग प्रिमरोजचं तेल, कोलॅजेन पावडर, केसांसाठी १० मिलिग्रॅमचं बायोटिन आणि 'हार्मोन बॅलन्स' लिहिलेल्या कॅप्सूल. पहिला महिना खरंच बरं वाटलं, मग पहिले पाढे पंचावन्न. आता थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच कमी आलंय. नवरा म्हणतो, सगळं मनाचं आहे. हे चालू ठेवू की बंद करू?"

प्रिय सखी,

आधी रिपोर्टचं बोलते, कारण त्याची घाई आहे. बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व. शरीराला ते दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं. तुझ्या एका गोळीत १०,००० आहे. गोम अशी की रक्ताच्या कित्येक तपासण्यांमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते भरमसाट असलं की तपासणीची फसगत होते आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, असतं त्यापेक्षा कमी, तर थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन असतं त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. थायरॉइड ठणठणीत असतानाही. तुझं असंच झालंय असं मी ठामपणे म्हणणार नाही, कारण थायरॉइड खरोखर बिघडला तरी घाम येतो, केस गळतात, पाळी बदलते. म्हणून बायोटिन बंद कर, ती बाटली डॉक्टरांना दाखव आणि त्यांच्या सल्ल्याने, मध्ये किमान दोन-तीन दिवस जाऊ देऊन, पुन्हा रक्त दे. तोवर या एका रिपोर्टवर कुठलंही औषध सुरू होऊ देऊ नकोस.

केसांसाठी बायोटिनची कमतरता हे कारण फार क्वचित निघतं. वीस-वीस दिवसांनी पाळी येत असेल तर लोह कमी पडलंय का, ते आधी बघायला हवं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घे.

आता नवऱ्याचं म्हणणं. हे मनाचं नाही. रजोनिवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन हे स्त्रीचं हार्मोन एका संथ उतारावरून खाली येत नाही. ते उसळतं, कोसळतं, पुन्हा उसळतं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र आहे, ते या हेलकाव्यांनी हळवं होतं. एरवी ज्याची दखलही घेतली नसती, तेवढ्या किंचित उष्णतेनेही ते धोक्याची घंटा वाजवतं, आणि मग त्वचेकडे रक्त धावतं, वाफा येतात, घाम फुटतो. चरबीही कमरेखालून पोटाकडे सरकते. आणि रोज रात्री तीनला झोप मोडणाऱ्या बाईला दिवसा रडू येणार नाही तर काय होईल? हा परिच्छेद त्याला वाचायला दे. मला राग येतो तो याचाच, की बायकांना आपला घामसुद्धा सिद्ध करावा लागतो.

पहिल्या महिन्यात तुला बरं वाटलं, तेही खरंच होतं. पण ते गोळीमुळेच होतं का? आपण बाटली विकत घेतो ती सगळ्यात वाईट आठवड्यात. या त्रासाला भरती-ओहोटी असते, त्यामुळे त्यानंतरचे दिवस थोडे बरे जाण्याचीच शक्यता जास्त. शिवाय काहीतरी करतोय या दिलाशानेही वाफा कमी होतात, आणि हे प्रयोगांत मोजलेलं आहे. अमेरिकेत २००६ साली ३५१ स्त्रियांवर वर्षभर चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ब्लॅक कोहोश घेणाऱ्या आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. औषध म्हणून इस्ट्रोजेन हार्मोन घेणाऱ्यांना मात्र स्पष्ट आराम पडला. ब्लॅक कोहोशमुळे क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, तेव्हा ते थांबव. प्रिमरोजच्या तेलाने वाफा थांबतात याला भक्कम आधार नाही. कोलॅजेन पोटात गेलं की इतर प्रथिनांसारखंच पचतं. त्रास नसेल तर घे, पण त्याच्याकडून फार आशा ठेवू नकोस. 'हार्मोन बॅलन्स'चं मला सगळ्यात जास्त खटकतं. या वयात हार्मोन एका आकड्यावर स्थिर राहत नाहीत, आणि कुठलीही कॅप्सूल त्यांना तिथे बसवू शकत नाही.

गोळ्या सगळ्याच वाया असंही नाही. तपासणीत कमी दिसलं तर लोह आणि ड जीवनसत्त्व घ्यायलाच हवं, आहारात पुरत नसेल तर कॅल्शियमही. फक्त पुढेमागे थायरॉइडची गोळी लागलीच, तर ती आणि कॅल्शियम किंवा लोह यांच्यात चार तासांचं अंतर ठेव.

वाफांवर सगळ्यात परिणामकारक उपचार आजही डॉक्टरांनी दिलेलं हार्मोन हाच आहे. २००२ च्या एका मोठ्या अभ्यासानंतर जगभर त्याची धास्ती बसली, पण त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत, किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी स्त्रियांना धोक्यापेक्षा फायदा जास्त असतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर सहसा देत नाहीत. अशांसाठी बिगर-हार्मोनची औषधंही आहेत, आणि विचार-वर्तन उपचारानेही त्रास सुसह्य होतो. वजनं उचलण्याचा व्यायाम मात्र आजच सुरू कर. वाफा त्याने थांबायच्या नाहीत, पण स्नायू आणि हाडं आत्ताच झिजायला लागतात.

दर तासाला पॅड भिजत असेल, किंवा सलग बारा महिने पाळी न येता पुन्हा रक्त दिसलं, तर लगेच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. आणि ते बारा महिने पुरे होईपर्यंत गर्भ राहू शकतो, हे विसरू नकोस.

डॉक्टरांकडे जाताना पाचही बाटल्या पिशवीत घालून ने आणि गेल्या सहा महिन्यांतल्या पाळीच्या तारखा एका कागदावर लिहून घे. नवा रिपोर्ट आला की मला कळव.

तुझी,
ताई