डोकं एका बाजूने चपटं: वारसा की झोपायची सवय?

प्रश्न : नातू साडेतीन महिन्यांचा आहे. त्याचं डोकं मागून उजवीकडे चपटं झालंय. विहीणबाई म्हणतात, आमच्या घराण्यात डोकी अशीच. न्हाऊ घालणाऱ्या बाई रोज दाबून गोल करतात. मोहरीची उशी द्यावी का?
— एक आजी, गुहागर

उत्तर : डोकं मोठं की लहान, रुंद की लांबट, हे बरंचसं घराण्यातून येतं. पण एकाच बाजूचा चपटेपणा सहसा वारशाचा नसतो. मुलग्याच्या डोक्याचा घेर जन्मतः सरासरी ३४.५ सेंमी, तीन महिन्यांनी ४०.५ आणि वर्षाला ४६ सेंमी असतो. म्हणजे वर्षभरातली निम्मी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच उरकते. एवढ्या घाईने वाढणारी मऊ कवटी सतत एकाच जागी टेकली, की तिथे दबते आणि दुसरीकडे फुगते. पाळणा भिंतीला लागून असेल, तर बाळ सारखं पडवीच्या उजेडाकडेच तोंड करतं. झोळीत तर मान वळवायला जागाच नसते.

झोपवायचं उताणंच, पण पाळण्यात डोक्याची बाजू रोज बदला. जागेपणी, कुणीतरी समोर बसून, दिवसातून चार-पाच वेळा काही मिनिटं पालथं ठेवा. सोसेल तसा वेळ वाढवा. मान डावीकडे पूर्ण वळते का, तेही पाहा. वळत नसेल तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो; मग फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत, नाहीतर नुसती बाजू बदलून भागत नाही.

मोहरीची उशी नको. वर्षाच्या आत कुठलीच उशी नको, गुदमरण्याचा धोका असतो. खोबरेल तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, दाबणं मात्र बंद करा. (टाळू तेलाने भरत नाही, ती हाडानेच भरते, बहुधा ९ ते १८ महिन्यांत.)

आता बाळाला मांडीवर बसवून वरून पाहा. चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला दिसला, तर बहुधा कारण झोपण्याचंच. कान मागे ओढलेला असेल, हाडांच्या सांध्यावर कडक उंचवटा लागत असेल किंवा डोकं होडीसारखं लांबट होत असेल, तर सांधा वेळेआधी जुळलेला असू शकतो. तिथे कधीकधी जनुकाचा दोष असतो आणि शस्त्रक्रिया बहुधा वर्षाच्या आत करावी लागते. अशा वेळी वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घेर दरमहा मोजून लिहून ठेवा: न ताणणारी टेप भुवयांच्या वरून, मागच्या सर्वांत फुगीर भागावरून, तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा धरा.