शाल कोणाच्या हातून?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मनीषनगरातल्या एका सोसायटीचा सचिव आहे. आमच्याकडे ९६ फ्लॅट आहेत. यंदा २६ जानेवारीला पोरांनी एका मालिकेतल्या नटीला बोलवायचं ठरवलंय. तिचं मानधन ६० हजार आणि आमची एकूण वर्गणी १ लाख १० हजार. गेल्याच महिन्यात कळलं की सी विंगमध्ये मुलीकडे राहणाऱ्या काकू वीरमाता आहेत. त्यांचा मुलगा सहा वर्षांपूर्वी सीमेवर गेला. दोन वर्षं त्या लिफ्टमध्ये भेटतात, पण आम्हाला पत्ताच नव्हता. आता समिती म्हणते, नटीच्या हातून काकूंना शाल-श्रीफळ देऊ, म्हणजे गर्दीही होईल आणि मानही राहील. मला ते कसंतरीच वाटून राहिलं, पण का ते मांडता येत नाही. पोरं म्हणतात, "काका, नटी नसली तर पब्लिक खालीच उतरत नाही." काय करावं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, तुम्हाला जे वाटतंय ते अगदी बरोबर आहे. सत्कारात देणारा मोठा आणि घेणारा त्याच्या कृपेतला, असं चित्र आपोआप उभं राहतं. फोटोत नटी मधोमध असेल, काकू नारळ सांभाळत कडेला. त्यांच्या मुलाचा तर फोटोत पत्ताच नसेल, आणि खरं म्हणजे कार्यक्रम त्याचा आहे.

मी कामठीची. माझा मोठा भाऊ लष्कराच्या 'गार्ड्स' रेजिमेंटमध्ये हवालदार होता, नव्वदच्या दशकात काश्मीरमध्ये कामी आला. पुढच्या दोन-तीन वर्षांत आईला अकरा शाली मिळाल्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, त्या शाली कोण अंगावर घेणार? डांबराच्या गोळ्या टाकून तिनं त्या लोखंडी ट्रंकेत ठेवल्या, त्या अजून तिथंच आहेत. कोणी वाईट हेतूनं दिल्या नव्हत्या. पण त्या अकरा कार्यक्रमांत एकाही माणसानं तिला विचारलं नाही की तो होता कसा.

मग एका पावसाळ्यात त्याच्या प्लाटूनमधला एक जवान सुट्टीवर घरी जाताना वाट वाकडी करून आमच्याकडे उतरला. स्वयंपाकघरात पाटावर चार तास बसला. भाऊ रात्री ड्युटीवर कोणतं गाणं गुणगुणायचा, घरून आलेला ठेचा लपवून ठेवायचा आणि तरी सगळ्यांना वाटायचा, हे त्यानं सांगितलं. आईनं त्याला एकच गोष्ट दोनदा विचारली, "त्या दिवशी तो जेवला होता का?" तो म्हणाला, "हो माँजी, दोपहर में खाया था." आई त्या रात्री कित्येक महिन्यांनी नीट झोपली. मी तिच्या शेजारी होते, म्हणून सांगते.

तेव्हा पहिलं काम हे करा. तुम्ही आणि तुमच्या घरच्या ताई, दोघंच काकूंकडे जा. समिती घेऊन जाऊ नका. चहा घ्या, मुलाबद्दल विचारा, आणि कार्यक्रमाचा विषय शेवटी काढा. त्या "नको" म्हणाल्या तर ते तिथंच संपलं, आग्रह करू नका. सूनबाई असेल तर तिचाही विचार घ्या. पेन्शन आणि मदतीच्या पैशावरून बऱ्याच घरांत सासू-सुनेत अंतर पडलेलं असतं. आपण भाबडेपणानं एकीलाच मंचावर बसवतो आणि दुसरीच्या जखमेवर मीठ पडतं.

त्या हो म्हणाल्या तर झेंडावंदनानंतर पहिली दहा मिनिटं त्या मुलाची. त्याला ओळखणारं कोणीतरी बोलू द्या. शाळेतला मित्र, गावचे गुरुजी, पलटणीतला सोबती. सोसायटीतल्या एखाद्या मुलीनं आधी काकूंशी बोलून लिहून काढलं तरी चालेल. तो कोणत्या शाळेत होता, कबड्डी खेळायचा की पोहायचा, भरतीच्या धावण्याची तयारी पहाटे कोणत्या रस्त्यावर केली. आणि शेवटी काकूंच्या हातून दहावी-बारावीच्या मुलांना बक्षिसं द्या. त्यांचा हात देणारा असू द्या.

नटीला शब्द देऊन बसला असाल तर तो मोडू नका. तिनं काही वाईट केलेलं नाही. तिला पहिल्या रांगेत बसवा, ही दहा मिनिटं ऐकू द्या, मग तिचा कार्यक्रम. अजून ठरलं नसेल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: ६० हजार देऊ नका.

पोरांवर चिडू नका. त्यांना क्रिकेटचे अकराच्या अकरा खेळाडू पाठ असतात, कारण ती नावं रोज कानावर पडतात. लान्स नाईक अल्बर्ट एक्का हे नाव आपण त्यांना कधी सांगितलं? कामठीत ज्या गार्ड्सचं केंद्र आहे, त्याच गार्ड्सच्या १४व्या पलटणीचा हा जवान. ३ डिसेंबर १९७१ला, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गंगासागरच्या लढाईत जखमी अवस्थेत शत्रूच्या मशीनगनवर चालून गेला आणि ती बंद पाडून मगच पडला. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. रांचीत त्याच्या नावाचा मोठा चौक आहे. आपल्या मुलांना कामठीचा रस्ता माहीत आहे, हे माहीत नाही. त्या दिवशी दुपारी त्यांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर घेऊन जा. तो लष्कराच्या ताब्यात असतो आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट या तीन दिवशी लोकांसाठी उघडतो.

आणि २७ जानेवारीला काकूंना विसरू नका. पेन्शन घेणाऱ्याला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता ते ऑनलाइन झालंय, आणि म्हाताऱ्या बोटांचे ठसे यंत्राला नीट उमटत नाहीत. माझ्या आईला एका वर्षी त्यासाठी तीन खेपा घालाव्या लागल्या. काकूंचं असं काही काम असेल तर एखाद्या पोरानं बाइक काढून सोबत जावं. अडचण मोठी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते त्यासाठीच आहे. मला विचाराल तर वर्गणीतला खरा खर्च हाच.

प्रश्न : गावात कमान उभारतोय. 'शहीद' लिहावं की 'हुतात्मा'?
— एक वाचक, काटोल तालुका

उत्तर : सैन्याच्या अधिकृत भाषेत 'शहीद' हा शब्द नाही. लोक प्रेमानं म्हणतात, त्यांना अडवू नये. मी असते तर दगडावर हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, गाव आणि तारीख एवढंच कोरलं असतं. कोरण्याआधी मजकुराचा कागद त्या जवानाच्या घरी दाखवा. हुद्दा सर्व्हिस रेकॉर्डवरून घ्या. गार्ड्समध्ये साध्या जवानालाही 'गार्ड्समन' म्हणतात, शिपाई नाही. माझ्या भावाच्या पहिल्या फलकावर हवालदाराचा नाईक, म्हणजे एक पायरी खालचा, झाला होता. तो बदलून घेईपर्यंत आई त्या रस्त्यानं गेली नाही.