पुण्यात आई दुपारी घरी एकटीच असते. ‘गॅस तपासायला आलोय’ म्हणणाऱ्याला आत घ्यावं का?

नाही, आपण स्वतः बोलावलं नसेल तर आत घेऊ नका. आईंना जाळीच्या दारामागूनच बोलू द्या. कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीचा सचिव असल्याने असे बरेच जण पाहिलेत. गळ्यातल्या ओळखपत्राला भुलू नका, तसलं कार्ड कोपऱ्यावरचा झेरॉक्सवालाही लॅमिनेट करून देतो. गॅसच्या पुस्तकावरच्या एजन्सीच्या नंबरवर फोन करून विचारा, तो माणूस देईल त्या नंबरवर नव्हे. खरा असेल तर पाच मिनिटं जिन्यात थांबेल. ‘नळी आजच बदला, रोख द्या’ म्हणणारा बहुधा नळी विकायलाच आलेला असतो. दागिने पॉलिश करून देतो म्हणणाऱ्याशी तर बोलूच नका, सरळ पोलिसांना ११२ लावा. मात्र सिलिंडरमधून वास येतोय म्हणून १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला तुम्हीच कळवलं असेल, तर आलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवू नका.