तलावातली मासळी घटते? बीज दुप्पट करू नका

प्रश्न : आमची मच्छीमार संस्था तलावात दरवर्षी जुलैत मत्स्यबीज सोडते, तरी मासळी घटतेच आहे. विक्रेता म्हणतो, बीज दुप्पट टाका. चीन, बांगलादेशात मासळी वाढते, मग आमचीच का घटते?

उत्तर : बीज दुप्पट करू नका. आणि जुलैत तर सोडूच नका. तलाव भरून सांडवा सुटला की इंचभर बीज पाण्याबरोबर निघून जाते, उरलेले मरळीच्या पोटात जाते. अशी हानी मी अनेक तलावांत पाहिली आहे. विक्रेत्याला हंगामात माल खपवायचा असतो, म्हणून तो घाई करतो. त्याचे ऐकू नका.

चीनची वाढ मत्स्यशेतीतली आहे. तिथल्या नदी-तलावांतली पकड २०१७ मध्ये २० लाख टनांच्या वर होती, ती २०२२ मध्ये सुमारे १२ लाखांवर आली. यांगत्से नदीत १ जानेवारी २०२१ पासून दहा वर्षांची मासेमारीबंदीच आहे. २०२२ मध्ये नदी-तलावांतल्या पकडीत भारत सुमारे १९ लाख टनांसह पहिला होता, बांगलादेश १३ लाखांसह दुसरा. बांगलादेशाचा धडा मात्र घ्यावा. नदी आणि समुद्र मिळून तिथली हिलसा मासळी २००२-०३ मध्ये सुमारे दोन लाख टन होती, २०१९-२० मध्ये साडेपाच लाख झाली. बीज सोडून नव्हे! ऑक्टोबरात अंडी घालण्याच्या दिवसांत २२ दिवस बंदी, नोव्हेंबर ते जून २५ सेंमीपेक्षा लहान हिलसा धरायला मनाई, आणि बंदीत मच्छीमारांच्या घरी सरकारी तांदूळ.

तुमच्याकडे आधी जाळी तपासा. उजनीत ज्याला वडाप म्हणतात तसल्या बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांनी बोटभर कटला-रोहू उचलला, तर पुढच्या वर्षी विकणार काय? संस्थेने ठराव करून ही जाळी बंद करावीत. पावसाळ्यात मासा ओढ्याच्या तोंडाशी चढतो, तिथे जाळे लावू नये.

बीज स्वतः वाढवा. जुलैत घेतलेले बीज सभासदाच्या शेततळ्यात ठेवा. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समभाग द्या. चार इंची बोटुकली झाली आणि सांडवा थांबला की सप्टेंबर-ऑक्टोबरात तलावात सोडा. सकाळी किंवा संध्याकाळी, पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून मगच. भर दुपारी नको. विकत घेताना डबा मोजून, लांबी पाहून घ्या. बोटुकलीच्या भावात जिरे (अगदी बारीक पिल्ले) गळ्यात मारणारे खूप आहेत. 'लवकर वाढते' म्हणून कोणी चिलापी किंवा थाई मांगूर देऊ लागला तर परत पाठवा. थाई मांगुरावर तर बंदीच आहे. तलावात युरिया किंवा 'वाढीचे औषध' ओतू नका, तो सल्ला दुकानदाराचा आहे.

संगोपन तळ्यासाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४०, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. योजना चालू असल्याची खात्री करून अर्ज जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात. मंजुरीआधी खोदकाम सुरू करू नका.