गौरीपुरत्या गोळ्या

‘ताई, मी सांगली जिल्ह्यातली. वय ३१, मुलगी चार वर्षांची. दर वर्षी गौरीच्या आधी सासूबाई ह्यांना मेडिकलमध्ये पाठवून पाळी पुढे जायच्या गोळ्या मागवतात. यंदा गौरीला घेतल्या, मग घटालाही घेतल्या. दुसरं मूल आत्ता नकोय, पण आम्ही काहीच वापरत नाही. ह्यांचं म्हणणं, “तुझ्या गोळ्या चालू असतातच की.” घटाच्या गोळ्या संपल्यावर नऊ दिवस पाळी आली नाही, तेव्हा जीव टांगणीला लागला होता. जाऊ म्हणते, त्या गोळ्या केमिकलच्या. तिला गरोदरपणात दिलेल्या नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल उरल्यात, त्या घे. मला अधूनमधून अर्धशिशी होते, त्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकतं. काय करू? – घटाची सून’

प्रिय घटाची सून,

मी डॉक्टर नाही, पण या गोळ्या मीही घेतल्या आहेत. माझी पाळी नेमकी विसर्जनाच्या सकाळी आली होती आणि सगळा खटाटोप पाण्यात गेला होता. तेव्हा मेडिकलवाल्याने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. तुझ्या ह्यांनाही कुणी विचारला नसणार.

आधी ह्यांच्या वाक्याकडे येते, कारण सगळ्यात मोठा घोटाळा तिथे आहे. गौरीच्या गोळ्या म्हणजे बहुधा नॉरएथिस्टेरॉन, पाच मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा. पाकिटावर नाव वाचून खात्री कर. हेच औषध परदेशात रोजच्या गर्भनिरोधक गोळीतही असतं, आणि तिथे दिवसाला फक्त ०.३५ मिलिग्रॅम पुरतं. मग पंधरा मिलिग्रॅमने गर्भ का नाही अडणार, असं कुणालाही वाटेल. अडत नाही, कारण वेळ चुकलेली असते. बीज सुटतं ते पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. तू गोळी सुरू करतेस पाळीच्या तीनेक दिवस आधी. म्हणजे तोवर बीज सुटून, जे व्हायचं ते होऊनही गेलेलं असू शकतं. गोळी फक्त गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवते. ती थांबवली की दोन-तीन दिवसांत अस्तर सुटतं आणि पाळी येते. आठवडाभरात आली नाही, तर लघवीची तपासणी करायची, टांगणीला बसायचं नाही. रोजची गर्भनिरोधक गोळी महिनाभर चालू असते. ती शुक्रजंतूंची वाट अडवणारा स्राव घट्ट करते, अस्तर पातळ ठेवते आणि काही प्रकारांत बीजच सुटू देत नाही. हे काम तीन-चार दिवसांच्या पाकिटाचं नाही.

आता जावेच्या कॅप्सूल. तिच्या मनात ‘नैसर्गिक’ म्हणजे सोज्वळ आणि ‘केमिकल’ म्हणजे विष. गंमत अशी, की दोन्हींची वंशावळ एकाच रानकंदापाशी जाते. मेक्सिकोतल्या जंगली कंदातून निघणाऱ्या द्रव्यापासून चाळीसच्या दशकात प्रोजेस्टेरॉन बनवायला लागले, आणि १९५१च्या ऑक्टोबरात मेक्सिको सिटीतल्या प्रयोगशाळेत लुईस मिरामोंतेस नावाच्या २६ वर्षांच्या विद्यार्थ्याने नॉरएथिस्टेरॉन तयार केलं. तुझ्या जावेची कॅप्सूलही कारखान्यातच बनते. ‘नैसर्गिक’ याचा अर्थ एवढाच, की तिची रचना आपल्या बीजांडकोशात तयार होणाऱ्या प्रोजेस्टेरॉनसारखी हुबेहूब असते. अडचण अशी, की पोटातून घेतलेलं हे खरं प्रोजेस्टेरॉन यकृत भराभर मोडून टाकतं. ते तसं मोडू नये म्हणूनच तर नॉरएथिस्टेरॉनसारखी कृत्रिम भावंडं शोधावी लागली; शास्त्रज्ञ त्यांना प्रोजेस्टिन म्हणतात. जावेला कॅप्सूल दिली ती गर्भ टिकायला, आणि तू ती गर्भ टाळायला घेणार! तिच्यावर गर्भ टाळण्यासाठी विसंबायचं नाही. उरलेल्या परत दे, नाहीतर टाकून दे.

प्रोजेस्टिन सगळी एकसारखीही नसतात. माला-एन या सरकारी गर्भनिरोधक गोळीत लेवोनॉरजेस्ट्रेल असतं, शिवाय इथिनिल इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन जातीचं दुसरं हार्मोन. आणि इथे तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला थांबवतं. तू ते जाता जाता लिहिलंस, पण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. नागमोडी चमकून मग डोकं दुखतं, अशा बायकांना इस्ट्रोजेन असलेली गोळी देत नाहीत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून माला-एन सुरू करू नकोस. आणखी एक गोष्ट: नॉरएथिस्टेरॉन मोठ्या डोसात घेतलं, की त्यातला थोडा भाग शरीरात त्याच इथिनिल इस्ट्राडायोलमध्ये बदलतो. म्हणजे गौरीच्या गोळ्याही तुला डॉक्टरांना अर्धशिशीचं सांगितल्याशिवाय नकोत. पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली, दम लागला, बोलताना जीभ अडखळली, तर सणवार न बघता दवाखाना गाठायचा.

मग घ्यायचं काय? तांबीत हार्मोन नसतं, सरकारी दवाखान्यात ती फुकट बसते. पाळी थोडी जास्त जाऊ शकते. अंतरा इंजेक्शनमध्ये फक्त प्रोजेस्टिन असतं, दर तीन महिन्यांनी घ्यायचं, आणि बहुतेक बायकांना पहिले काही महिने कधीही डाग लागतात. तुमच्या घरात दिवस मोजले जातात, तेव्हा हे आधीच माहीत असू दे. थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. ‘आत्ता नको’ म्हणजे नक्की कधी हवं, ते दोघांनी ठरवा. हार्मोनची तांबी महाग पडते, पण रक्तस्राव कमी करते. आणि ‘छाया’ नावाची गोळी हार्मोनची नाही, ती लखनौच्या औषध संशोधन संस्थेत शोधलेली. माझी पसंती साधी तांबी, पण शेवटी डॉक्टर तुला तपासून सांगतील.

राहिल्या सासूबाई. त्यांना वाद नको, उपाय हवा असतो. ‘डॉक्टरांनी अर्धशिशीमुळे बंद केल्या’ हे वाक्य त्यांना पटेल, आणि तसं झालं तर ते खरंही असेल. पुढच्या वर्षी गौरीच्या दिवशी अडचण आलीच, तर पुरण तू वाटलं नाहीस म्हणून गौर रुसणार नाही. पूजेला नणंद बसेल. हे मात्र ह्यांनी आईशी बोलायला हवं, तू एकटीने नाही.

तांबी बसेपर्यंत निरोध. तो आणायला ह्यांनाच पाठव, मेडिकलचा रस्ता त्यांना पाठ आहे.

तुझी ताई