‘जन्मजात’ म्हणून क्लेम नाकारला, तर?

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची. लहानपणापासून श्वास घेताना घरघर व्हायची, घास अडकायचा. बाळदमा समजून वाफ, औषधं झाली. यंदा सीटी अँजिओग्राफीत महाधमनीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) कमान दुहेरी असून तिचं कडं श्वासनलिका आणि अन्ननलिकेवर आवळलंय, असं कळलं. ऑपरेशन झालं. कुटुंबाची पॉलिसी तीन वर्षांची आहे, पण कंपनीने ‘जन्मजात व्यंग, आधीपासूनचा आजार’ लिहून क्लेम फेटाळला. काय करू? – एक आई, सातारा

उत्तर : कंपनीने दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे. विमा नियमांत जन्मजात व्यंगाचे दोन प्रकार आहेत : बाहेरून दिसणारं आणि शरीराच्या आतलं. पॉलिसीत सहसा वगळलेलं असतं ते बाहेरचं. छातीतली महाधमनी उघड्या डोळ्यांना दिसत नाही. पॉलिसी काढून ‘आंतरिक जन्मजात’ हे शब्द शोधा. त्यासाठी वेगळा प्रतीक्षाकाळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेम न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, लिहिलेला असेल, तर तो सरलाय का ते बघा.

‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे जन्मापासूनचा नव्हे. पॉलिसी घेण्यापूर्वी ठरावीक काळात डॉक्टरांनी निदान केलेला किंवा ज्यावर सल्ला-उपचार दिले, तो. निदान यंदाचं आहे. तरीही सावध करतो : कंपनी दम्याच्या जुन्या चिठ्ठ्या पुढे करील. तिच्या जागी मी असतो, तर मीही हेच केलं असतं! त्या लपवू नका. प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जात, श्वासाच्या त्रासाबद्दल विचारलं होतं का, तुम्ही काय लिहिलंत, ते आधी मला दाखवा. तिथे ‘नाही’ असेल, तर लढाई अवघड होईल. सर्जनकडून एक पत्र घ्या : दोष छातीच्या आतला, पहिलं निदान अमुक तारखेचं, आधीचे उपचार दम्याच्या समजुतीने झाले.

काही जण दिल्ली उच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल दाखवतात. तो आनुवंशिक आजारांबद्दल आहे, जन्मजात व्यंगाबद्दल नव्हे. त्यावर विसंबू नका.

प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकारच आला, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जा. फी नाही, वकीलही चालत नाही. माझं नुकसान, तुमचा फायदा. मात्र ग्राहक आयोगात आधीच केस टाकलीत, तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. त्यांचा निवाडा पटला नाही, तर आयोगाचं दार तुम्हाला उघडं राहतं, पण मुदत दोन वर्षांची. नकाराच्या पत्रावरची तारीख आजच वहीत लिहून ठेवा.