तापानंतर तोंडात पांढरे डाग, समोरचे दात पिवळे

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. पाऊस सुरू झाला तसा त्याला व्हायरल ताप आला, सर्दी-खोकला पण होता, ताप उतरेना म्हणून आम्ही मेडिकलवरून अँटीबायोटिकचं सिरप आणून दिलं. ताप गेला पण आता जिभेवर अन् गालाच्या आतून पांढरे डाग दिसताय, शेवभाजीला तर हातच लावत नाही, तोंड जळतं म्हणतो. समोरचे दात पण पिवळे वाटताय. सासूबाई म्हणतात औषधाच्या उष्णतेने दात गेले. खरंय का?
– एक आई, चोपडा तालुका

उत्तर : ताई, आधी डागांचं बघू. बोटाला स्वच्छ ओला कपडा गुंडाळून एखादा डाग अगदी हलक्या हाताने पुसून बघा, तो निघाला अन् खाली लालभडक जागा दिसली तर ती बहुतेक कॅन्डिडा नावाची बुरशी आहे. माणसाच्या तोंडात ७०० च्या वर जातींचे बॅक्टेरिया सापडलेत, त्यातले बरेचसे निरुपद्रवी असतात अन् तेच या बुरशीला आवरून धरतात. अँटीबायोटिकने व्हायरसला काहीच होत नाही, बुरशीलाही नाही, मरतात ते हे बॅक्टेरिया, मग रान मोकळं झालं की तण फोफावतं तसं होतं. खरवडू नका, डॉक्टरांना दाखवा, बुरशीवरचे थेंब किंवा जेल देतील. अन् ताई, कळकळीने सांगते, पुढच्या वेळी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय अँटीबायोटिक आणू नका. त्यांनी दिलं असेल तर मात्र मनाने मध्येच बंदही करू नका.

पिवळेपणाची फार काळजी नको. या वयात समोर नवे कायमचे दात आलेले असतात, त्यांची कड करवतीसारखी दातेरी दिसते, अन् शेजारच्या दुधाच्या दातांपुढे ते मुळातच पिवळसर दिसतात. काही सिरपने वरवर तपकिरी डाग पडतो, तो दवाखान्यात साफ होतो. टेट्रासायक्लिन नावाच्या अँटीबायोटिकचा डाग वेगळा, तो दात घडत असतानाच आत बसतो अन् निघत नाही, म्हणून ८ वर्षांखालच्या मुलांना अन् गरोदर बाईला ते सहसा देत नाहीत.

सासूबाईंचं निरीक्षण चुकीचं नाही, आजारपणानंतर दात किडलेले मीही बघते, फक्त कारण उष्णता नाही. नाक चोंदलं की पोरगं तोंडाने श्वास घेतं, तोंड कोरडं पडतं, अन् लाळ हीच तर दातांची राखण करते, ॲसिड धुऊन काढते. त्यात गोड सिरप रात्री पाजून तसंच झोपवलं की साखर रात्रभर दातांना चिकटून राहते अन् किडीचे बॅक्टेरिया तिचं ॲसिड करतात. म्हणून औषध दिलं की लगेच चूळ भरायला लावा, तापातही दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करा. उलटी झाली तर आधी साध्या पाण्याने चूळ, ब्रश अर्ध्या तासाने, कारण पोटातल्या ॲसिडने दात वरून मऊ झालेला असतो.

एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा, तापात हिरड्यातून आपोआप रक्त आलं तर तो डेंग्यू असू शकतो, ॲस्पिरिन-आयबुप्रोफेन अजिबात द्यायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

प्रश्न : आबांची दाढ ठणकते. घरात अँटीबायोटिकची उरलेली स्ट्रिप आहे, दिली तर चालेल का?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : नको भाऊ. दाढेच्या आतली नस मेली की तिथे रक्तच पोचत नाही, मग गोळी कशी पोचणार? रूट कॅनल करा नाहीतर दाढ काढा, कीड आतून निघाल्याशिवाय सुटका नाही. अन् गालाला सूज येऊन ताप असेल, तोंड उघडेना किंवा घास गिळता येईना, तर सकाळची वाट बघू नका, आबांना त्याच वेळी हॉस्पिटलला न्या.